डावी बाजू नको

तुमच्या घरात, फ्रिजच्या दारावर, देव्हाऱ्यामागे किंवा रेशनकार्डाच्या पिशवीत, पिवळ्या कागदावरचं एक पत्रक आहे का? वर जाड अक्षरांत 'दूध सोडा, खडा सोडा' आणि पुढे तीन उद्गारचिन्हं?

असलं तर ते मी लिहिलंय, आणि ते चूक आहे. त्यातली भाषा जोरदार आहे, शुद्धलेखन निर्दोष आहे, आणि त्यावर विश्वास ठेवलात तर तुमची किडनी धोक्यात येऊ शकते. हजार प्रती छापल्या होत्या. काही सापडल्या, काही अजून बाहेर आहेत. त्या शोधायला एक सत्तरीतला माणूस उन्हातान्हात हिंडला. शुद्धलेखन निर्दोष आहे तेही त्याच्यामुळेच. हे सगळं त्याच्याबद्दल लिहितोय. माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काय आहे ते तुम्हाला आत्ताच कळलं.

दगूनाना पंचवटीतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापखाना म्हणजे एक ऑफसेट मशीन, कागद कापायचं एक यंत्र, लग्नपत्रिकांचे नमुने लावलेली भिंत आणि मागे खिडकीजवळ नानांचं टेबल. मूळचे ते मखमलाबादचे. भाऊ झेंडू आणि कोथिंबीर पिकवायचे. नाना सातवीनंतर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला आले. पुढे शिशाचे खिळे गेले, संगणक आला, तेव्हा मालकाने त्यांच्या हातात लाल पेन दिलं. ते पेन मग खिशातून उतरलंच नाही. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला खालच्या बाजूला एक लाल ठिपका असे. नानांच्या घरच्या काकू म्हणायच्या, कपाटातला कुठला शर्ट ह्यांचा ते ठिपका बघून ओळखते.

वाचताना नाना पुण्याचे असत, बोलताना मखमलाबादचे. 'तथापि' आणि 'अपरिहार्य' स्वच्छ वाचून दाखवत आणि मान वर करून म्हणत, "लय ऊन हाय आज." मोठ्याने वाचून तपासायची सवय असल्यामुळे बोलण्यातही विरामचिन्हं यायची. "मालक आले का, प्रश्नचिन्ह. नाय? मग चहा सांग, पूर्णविराम."

मी त्यांच्याकडे गेलो तो पत्रक घेऊन. मी पत्रकांवरच वाढलोय. वडील कामगार संघटनेत होते. आमच्याकडे वह्यांना कव्हरं पत्रकांची, फडताळात कागद पत्रकांचे, आणि माझ्या बारशाला घुगऱ्यांबरोबर महागाईविरोधी पत्रक वाटलं होतं असं आई सांगते. त्यामुळे मला लहानपणापासून कुठलंही वाक्य शेवटी आवाज चढवल्याशिवाय पूर्ण करता येत नाही. पहिल्याच पत्रकावर नानांनी पेन टेकवलं.

"इथं तीन उद्गारचिन्हं हायेत."

"हो. जोर पाहिजे."

"तिघं वरडतायत का एकटाच?"

"एकटाच. पण—"

"मग दोन काढतो."

दोन काढली. पुढच्या पत्रकात मी चार टाकली, म्हणजे काढून दोन तरी उरतील. त्यांनी तीन काढली. माझ्या राजकीय आयुष्यात मी इतक्या चिवटपणे दुसऱ्या कुणाशी लढलो नाही आणि इतक्या वेळा हरलोही नाही.

नानांचा एक नियम होता. "आपण ऱ्हस्व-दीर्घ बघायचं. अर्थ बघायला लेखक असतो." निवडणुकीत एकाच दिवशी एकाच प्रभागातल्या दोन विरोधी उमेदवारांची पत्रकं त्यांच्याकडे यायची. एकमेकांना चोर म्हणणारी. नाना दोघांचे अनुस्वार सारख्याच मायेने लावायचे. माझा संताप व्हायचा.

"नाना, तुम्हाला स्वतःचं काही मत नाही?"

"हाय ना. ते मी मतदानाला वापरतो."

या नियमावर मी त्यांना बरंच ऐकवलंय. मी काय ऐकवतोय ते मला तेव्हा कळत नव्हतं.

त्यांचं नाव खरं दगडू. आधीची दोन मुलं गेली, म्हणून तिसऱ्यावर कुणाची नजर पडू नये यासाठी आईने दगडू म्हटलं. हे ऐकल्यावर मी अर्थातच अंधश्रद्धेवर बोललो. बालमृत्यू, कुपोषण, व्यवस्था, सगळं घेतलं. नाना पेनाचं टोपण लावून शांत ऐकत होते.

"झालं? पूर्णविराम दे."

दिला. त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत जुने शिशाचे खिळे, आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या छोट्या बाटलीत पाच खडे. तपकिरी, काटेरी, मुगाच्या डाळीएवढे.

"हे माझेच. आईनं नाव लय मनापासून ठेवलं होतं. पार आतपर्यंत पोचलं."

मुतखड्यांमुळे नानांनी पाणी पिण्याची एक पद्धत लावून घेतली होती. पुस्तकाची सोळा पानं एकदम छापतात, त्याला फर्मा म्हणतात. एक फर्मा वाचून झाला की एक मोठा ग्लास पाणी. तहान असो नसो. जाडजूड ग्रंथ आला की नाना खूश. कवितासंग्रह आला की काळजीत. "कवी लोकांच्यानं माणूस वाळून जाईल," म्हणायचे. लघवीचा रंग ते मुद्रितासारखा तपासत. पाण्यासारखी असली तर ठीक; पिवळी झाली की परत येऊन म्हणत, "करेक्शन आलंय," आणि आणखी एक ग्लास.

दुपारचं जेवण आम्ही शेजारच्या हिरामावशींच्या खानावळीत घ्यायचो. आपल्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली असते. डाव्या अंगाला मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, पापड, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. पहिल्या दिवशी मावशी वाढायला आल्या, तशी नानांनी ताटाच्या डाव्या बाजूवर तळहात धरला.

"डावी बाजू नको."

मी तेव्हा खांद्याला लाल तारा शिवलेली झोळी लावून हिंडत असे. मी घास खाली ठेवला.

"का? डाव्या बाजूनं तुमचं काय वाकडं केलंय?"

"माझी डावी गेली बाबा. लय वर्षं झाली."

एवढं बोलून ते बिनमिठाचं ताक प्यायले. मला एकदम भरून आलं. म्हणजे नाना एके काळचे आपले! काहीतरी घडलं असणार, फूट पडली असणार, कुणीतरी विश्वासघात केला असणार. मावशी पुढे सरकल्या तेवढ्यात ते म्हणाले, "लिंबू ऱ्हाऊ द्या मावशी. कोशिंबीर पण, बिनमिठाची असंल तर. डाव्या बाजूला तेवढंच कामाचं." मी मनातल्या मनात आमच्या शाखेतल्या एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली. यातलं लिंबू कोण?

पुढचे कित्येक महिने मी त्यांच्याशी जुन्या कार्यकर्त्याशी बोलावं तसं बोलत होतो. एकदा धीर करून विचारलं, "नाना, डावी होती तेव्हा कसं वाटायचं हो?"

"दुखायची लय."

मी मान खाली घातली. काय उत्तर होतं! यावर मी एक लेखही लिहायला घेतला होता. सुदैवाने पूर्ण झाला नाही.

मग माझी पाळी आली. सातपूरला एका कारखान्याच्या गेटवर सभा होती. मी स्टुलावर उभा राहून बोलत होतो. "मागण्या मान्य होईपर्यंत आपण इथून एक पाऊलही—" आणि डाव्या कुशीतून असा काही सुरा फिरला, की मी वाक्य अर्धवट सोडून पोट धरून खाली बसलो. लोकांना वाटलं ठिय्या. पुढची रांग बसली, मग मागची, मग सगळं गेट बसलं. घोषणा सुरू झाल्या. अर्ध्या तासात आतून माणूस बोलणी करायला आला. आमच्या संघटनेचं त्या वर्षातलं ते एकमेव यश, आणि ते चार मिलिमीटरच्या एका खड्याचं होतं.

खडा दोन दिवसांनी पडला. डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी तपासायला सांगितली. पाच लिटरचा कॅन मिळाला. मी तो घेऊन छापखान्यात गेलो आणि मशीनजवळच्या रसायनांच्या कॅनांशेजारी ठेवला, तेव्हा नानांनी तो उचलून आपल्या टेबलाखाली घेतला.

"मशीनमन वतून टाकंल शाईत. लग्नपत्रिका चाललीय. सकाळची पहिली टाकून दिलीस ना?"

"का टाकायची? पहिल्यापासून गोळा केली मी."

"गेलं सगळं. पहिलं प्रूफ फेकायचं असतं. ते रात्रीचं. टाकून दे, उद्या सकाळची पहिली पण टाकून दे आन् तिथून घड्याळ लाव. मग परवा सकाळची पहिली शेवटची म्हणून घ्यायची."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वरण-भात, दुधी आणि ढीगभर पाणी घेतलं. एरवी रोज सकाळी मिसळ असे; त्या दिवशी टाळली. नाना माझ्या ताटाकडे बघत राहिले.

"मिसळ कुठंय?"

"आज टेस्ट आहे ना."

"म्हणून सांगतो, रोज खातोस तेच खा. नायतर रिपोर्ट पत्रकातल्या माणसाचा येईल. तुझा नाय येणार."

खाल्ली. रिपोर्ट आला. लघवीत कॅल्शियम जास्त. डॉक्टर म्हणाले, आहारतज्ज्ञ बाईंना भेटून घ्या. मी नाही भेटलो. मला मुद्दा समजला की तज्ज्ञांची गरज वाटत नसे. मुद्दा सरळ होता. लघवीत कॅल्शियम जास्त. दुधात कॅल्शियम जास्त. दूध कोण विकतं, तर बडे लोक. दोन तासांत पत्रक तयार झालं. 'तुमच्या पेल्यात कट शिजतो आहे' हे त्यातलं एक वाक्य. दुसरं याहून वाईट आहे. घरी मी आईला दुधाची पिशवी बंद करायला सांगितली.

"आणि मिसळ?" आईने विचारलं.

"मिसळ कष्टकऱ्यांची आहे."

आईने पिशवी स्वतःपुरती चालू ठेवली.

मुद्रित नानांकडे गेलं. लाल पेनाने त्यांनी नेहमीसारख्या वेलांट्या लावल्या, उद्गारचिन्हं काढली. आणि समासात, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं: 'अर्थ?'

मी ते घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. "हे काय?"

"काय नाय. जरा इचारून घे कुणाला. दुधाचं तसं नसतं."

"नाना," मी म्हणालो, आणि हे वाक्य मला आता लिहितानाही नको वाटतं, "तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा. अर्थ मी बघतो."

नाना माझ्याकडे बघत राहिले. जुनी ओळख पटावी तसं. मग त्यांनी खोडरबर घेतलं, 'अर्थ?' पुसलं, खाली 'छापा' लिहून सही केली आणि पुढचा फर्मा ओढला. त्या दिवशी त्यांनी फर्मा संपल्यावर पाणी घेतलं नाही. मी मशीनवर जाऊन काढलेली तीनही उद्गारचिन्हं परत टाकून घेतली.

पत्रकाखाली माझा नंबर होता. पहिला फोन आला तो असा: "भाऊ, हे दूध सोडा तुमच्याकडं थंडगार मिळतं का? का पावडर असती?" दिवसभरात असे चार. एकाने एजन्सी मागितली. मी प्रत्येकाला भांडवलशाहीपासून समजावत होतो. नानांनी हे ऐकलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. "हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले.

पण पत्रक चाललं. माझं आजवरचं सगळ्यात यशस्वी पत्रक. सातपूर संपलं, पंचवटी संपली. एक गठ्ठा मित्राने घोटीच्या बाजारात वाटला, एक नामपूरला कांद्याच्या लिलावाच्या दिवशी गेला. लोक ते घरी नेत होते, लावत होते. महागाईवरचं पत्रक लोक भेळ बांधायला वापरायचे. हे जपून ठेवत होते. मला वाटलं, अखेर जनतेची नस सापडली.

चार महिन्यांनी पुन्हा सुरा फिरला. या वेळी छापखान्यातच, आणि ठिय्या समजून बसणारं कुणी नव्हतं. नाना वाक्याच्या मधेच पेन ठेवून उठले. इतक्या वर्षांत त्यांनी वाक्य अर्धं टाकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. रिक्षात माझी मान त्यांच्या खांद्यावर होती आणि मी सारखा म्हणत होतो, "पण मी दूध सोडलंय, नाना. चार महिने. एक थेंब नाही." ते म्हणाले, "माहिताय. गप ऱ्हा."

दुखणं ओसरल्यावर नानांनी मला हाताला धरून आहारतज्ज्ञ बाईंसमोर बसवलं. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असतील.

"दूध घेता?"

"सोडलं." मी अभिमानाने म्हणालो.

"दही, ताक?"

"सोडलं."

"नाश्ता?"

"मिसळ."

"रोज?"

"जवळपास."

"पापड?"

"तो मिसळीबरोबर येतोच."

"फरसाण?"

"ते मिसळीतच असतं."

"लोणचं, चिवडा?"

"चिवडा संध्याकाळी. मीटिंग असते ना."

"पालक?"

"पालक भरपूर," मी सावरून बसलो. "लोहासाठी."

त्या बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही नको ते सोडलं आणि नको ते धरलं." मागून नाना म्हणाले, "पूर्णविराम."

बाईंनी जे सांगितलं ते नानांनी खानावळीत मला पुन्हा सांगितलं, मखमलाबादच्या भाषेत, आणि मला तेव्हाच कळलं. "मीठ लघवीतून बाहेर पडतं ना, ते कॅल्शियमला वढत बरोबर घेऊन जातं. तू जितकं मीठ खाशील तितकं ते जाईल. दुधाचा दोष नाय, तुझ्या पापडाचा हाय. आन् दूध-दही बंद केलं की दुसरं लफडं. पालकात, शेंगदाण्यात ते ऑक्झलेट असतं. जेवणात दही असलं तर दोघांची गाठ पोटातच पडती, आन् दोघं संडासावाटे निघून जातात. दही नसलं तर ते एकटं हिंडत किडनीत जातं, आन् तिथं त्याला कॅल्शियम भेटतं. त्यांचं लगीन व्हायचंच हाय, तर पोटात होऊ दे. किडनीत मांडव घालू नको." मटण बेताने, पाणी पोटभर, दूध-दही जेवणाबरोबर, चारचौघं खातात तेवढं, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीत. "आन् हे तुझं-माझं झालं. दुसऱ्याचा खडा येगळा असंल, त्याला त्याचा डॉक्टर सांगंल."

हिरामावशी वाढायला आल्या. नानांनी तळहात धरला. मीही धरला.

"तुमची पण डावी बाजू नको?" मावशी हसल्या. "दोघं मिळून माझं लोणचं नासवणार."

मी नानांना विचारलं, "एवढं सगळं माहीत होतं, तर मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

त्यांनी आधी भात कालवून घेतला. मग बोलले.

तीस वर्षांपूर्वी छापखान्यात असंच एक पत्रक आलं होतं. कुणा औषधविक्याचं. दूध बंद तर खडा बंद. खिळे नानांनी जुळवले, वाचलंही नानांनीच. नुकताच त्यांचा पहिला खडा पडून गेला होता. "मला एका जागी शंका आली. म्हटलं, हे असं कसं? तर तो म्हणाला, तू ऱ्हस्व-दीर्घ बघ, अर्थ मी बघतो."

माझ्या हातातला घास तसाच राहिला.

"मग मी परत वाचलं. त्यात एक चूक नव्हती. म्हटलं, एवढं शुद्ध लिहिलंय ते खोटं कसं असंल? आता बघ ना, चूक कशी असंल? प्रूफ मीच तपासलेलं!" ते हसले. "आठ वर्षं दूध-दही बंद. लोणचं-पापड चालू. खडे येतच ऱ्हायले. एक मोठा आत अडकून बसला. पहिल्यांदा दुखला, मग दुखायचा थांबला, तर मी खूश. कळलं तवर डावी किडनी गेली होती. काढून टाकली."

"डावी... किडनी?"

"मग तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, पक्ष."

"कसला पक्ष?"

मी सांगितलं. लिंबासकट सगळं सांगितलं. नाना इतके हसले की ठसका लागला आणि मावशी पाणी घेऊन धावल्या. मग डोळे पुसून त्यांनी ताट बाजूला सारलं.

"तुझ्या पत्रकावर पेन्सिलीनं लिहिलं मी. लालनं लिहायला पाहिजे होतं. दोनदा गप बसलो. एकदा माझी गेली. आता हजार कागद बाहेर हायेत."

मी लगेच म्हणालो, नवं पत्रक काढू. जाहीर माफी. मोठा टाईप.

"नवं काढल्यानं जुनं मरत नाय," नाना म्हणाले. "जुनं दुरुस्त करावं लागतं."

पुढच्या रविवारी ते खिशात चार लाल पेनं घालून माझ्या दारात उभे होते. आम्ही सातपूरपासून सुरुवात केली. नाना घरात शिरत, पत्रक मागत, भिंतीवर टेकवून दुरुस्त करत. पहिल्या 'सोडा'वर काट, वर हंसपद, म्हणजे शब्द घालायची खूण, आणि 'सोडू नका'. खाली समासात: 'मीठ कमी. पाणी भरपूर. डॉक्टरला विचारा.' मग मुद्रित लेखकाला परत करावं तसं दोन्ही हातांनी परत देत. मी मागे पाण्याची बाटली धरून उभा. दर दहा पत्रकांना एक फर्मा धरायचा असं ठरलं होतं.

एका घरात आजीबाई पत्रक देईनात. "छापलंय ना? मग खरंच असंल."

"मावशी," नाना म्हणाले, "छापतो आम्हीच."

त्या बाईंनी पत्रक वाचून नातीचं दूध बंद केलं होतं. नात चार वर्षांची. तिला खडा नव्हता, काही नव्हतं. मोठेपणी होऊ नये म्हणून. मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. पेल्यात कट शिजतो आहे, असं मी लिहिलं होतं. तिच्या हातातला पेला मी काढून घेतला होता. मी त्या घरात काही बोलू शकलो नाही. माझ्या ओळखीच्या लोकांना हे खरं वाटणार नाही.

असे आम्ही पाच-सहा महिने हिंडलो. कधी रोज, कधी आठवड्याने. माझ्या पुढच्या टेस्टमध्ये कॅल्शियम उतरलं. नानांनी रिपोर्ट वाचून 'मूत्र' मधला उकार तेवढा दीर्घ केला. मग छापखाना बंद झाला आणि नाना घोटीला लेकीकडे राहायला गेले. जाताना बाटलीतले खडे मात्र खणातच विसरले, की ठेवले, माहीत नाही. ती बाटली माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी नाना गेले. हृदयाने गेले. उजवी किडनी शेवटपर्यंत चोख चालली. उजव्या बाजूबद्दल एवढं चांगलं मी पहिल्यांदाच लिहितोय आणि मनापासून लिहितोय.

त्यांना शेवटचं पाहिलं ते घोटीच्या बाजारात. मी कामासाठी गेलो होतो. रस्त्यापलीकडे भाताच्या पोत्यांच्या गाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या फटीतून चहाच्या टपरीची फळी दिसत होती. फळीवर माझं पिवळं पत्रक, पावसाने फिकटलेलं. नाना स्टुलावर चढून ते दुरुस्त करत होते. टपरीवाला खालून स्टूल धरून म्हणत होता, "नाना, पडाल. मी फाडून टाकतो ना!" नाना म्हणाले, "फाडू नको. ज्यानं आधी वाचलंय त्यानं परत वाचलं पाहिजे." हंसपद काढलं, 'सोडू नका' लिहिलं. मग पुढे सरकून तिन्ही उद्गारचिन्हं एकेक करून खोडली, दम खाल्ला, आणि तिथे एक टिंब दिलं. खाली उतरून थोडं मागे जाऊन पाहिलं आणि टपरीवाल्याला म्हणाले, "पाणी दे."

मी हाक मारली नाही. गाडी पुढे सरली, फट बंद झाली.

तर एक विनंती आहे. ते पिवळं पत्रक तुमच्या घरात असेल, तर आज शोधा. लाल पेन घ्या. 'दूध सोडा' मधल्या 'सोडा'वर काट मारा, वर 'सोडू नका' लिहा. खाली समासात मीठ, पाणी आणि डॉक्टर एवढं लिहा. फोनवर त्याचा फोटो आला असेल, तर ज्याने पाठवला त्याला दुरुस्त करून परत पाठवा. फाडू नका, ज्यांना ते वाचायला दिलं होतं, त्यांना पुन्हा नेऊन दाखवा. पेन्सिल वापरू नका. आणि तिन्ही उद्गारचिन्हं खोडा. मी एकटाच ओरडत होतो.